विहिरीला कुणी विचारलं का?

चहाची चव वेगळी होती. मीठ पडल्यासारखी खारट नव्हे, पण घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना काहीतरी मचूळ उरत होतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मालवणजवळच्या देवबागेतल्या एका घरगुती निवासाचं अंगण, सकाळचे सात. माडांच्या मधल्या जागेत गाड्या इतक्या चिकटून लावलेल्या की तुळशीपाशी जायला अंग चोरून सरकावं लागत होतं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काकी, दूध नासलंय का हो?" काकींनी कप उचलला. "दूध बरां आसा. पाणी तसां झाला हा. नाताळात ह्यां असांच होता, पंप दिवसभर चालता मगे." त्यांच्या आवाजात ओशाळलेपणा नव्हता आणि तक्रारही नव्हती. आत हाक मारून त्यांनी विकतच्या पाण्याचा जार आणायला सांगितला, नवा चहा टाकला. तो चहा फक्कड झाला. गृहस्थ तो पिऊन डॉल्फिन बघायला गेले.

"नाताळात ह्यां असांच होता." हे वाक्य मात्र माझ्याबरोबर ठाण्यापर्यंत आलं.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथली जमीन किती चिंचोळी आहे हे सांगायला नको. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची पट्टी. त्या पट्टीवर घरं, माड, देवळं, शाळा, आणि आता खोल्या. काही ठिकाणी रस्त्यातच उभं राहिलं तर एका कानात लाटा आणि दुसऱ्या कानात खाडीतल्या होड्यांची इंजिनं ऐकू येतात. अशा जागी विहिरीला गोडं पाणी लागतं हेच मुळात नवल. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि दोन्ही बाजूंनी जमिनीखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर, हलकं असल्यामुळे, दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. या तरंगण्याचा हिशेब भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. जमिनीतलं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. पण उपसा करून वरचं एक फूट उतरवलंत, तर कालांतराने खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. विहिरीत डोकावणाऱ्याला पाणी फूटभरच खाली गेलेलं दिसतं. बाकीचं सगळं त्याच्या नजरेआड चाललेलं असतं, आणि त्याची पहिली खबर चहाच्या कपात मिळते.

माझं आजोळ मालवण तालुक्यातलंच, थोडं आत, डोंगराच्या बाजूला. तिथल्या विहिरीला कातळाचा तळ होता आणि मे महिन्यात तो दिसायचा. मुंबईहून आम्ही चाकरमानी मंडळी उतरलो की घरात माणसं दुप्पट होत. आजी पहिल्याच संध्याकाळी सगळ्या पोरांना पडवीत बसवून विहिरीचे नियम सांगायची. सकाळी पिण्याचं भरायचं, मग आंघोळीचं. दुपारी कुणी कळशी सोडायची नाही, पाझराला वेळ द्यायचा. आंघोळीचं पाणी अळवाच्या वाफ्यात गेलं पाहिजे. कुणी दगडावर बसून दोन बादल्या अंगावर ओतल्या तर तिला आवाजावरून कळायचं. रहाटाची कुरकुर ती आतून मोजत असायची, चुलीपुढे बसून, हातातली भाकरी थापता थापता. आम्हाला त्या वेळी ती कंजूष वाटायची. शहरात नळ सोडला की पाणी येतं, आणि इथे विहीर समोर असून तहानेचा हिशेब द्यावा लागतो, याचा राग यायचा. आज वाटतं, त्या वाडीत माणसं आणि पाणी यांचा मेळ घालणारी ती एकटीच होती, आणि त्यासाठी तिला कुठल्या खात्याचा आदेश लागत नव्हता.

कोकणाला गर्दी नवी नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. गणपतीला सगळं कोकण माणसांनी भरून वाहतं, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, कोकण रेल्वेची तिकिटं मिनिटांत संपतात. पण ती गर्दी भाद्रपदात येते. तेव्हा विहिरी काठोकाठ असतात, हात घालून तांब्या बुडवावा इतक्या. आलेलं प्रत्येक माणूस त्या घरचं असतं. कुठल्या खड्ड्यात काय टाकायचं, कुठल्या बाजूला जायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. नवी गर्दी नेमकी उलट्या हंगामात येते. ती दिवाळीनंतर सुरू होते, नाताळात कळस गाठते आणि मेपर्यंत थांबत नाही. म्हणजे पाणी जसजसं उतरत जातं, तसतशी माणसं वाढत जातात. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ मध्ये, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचं विमानतळ सुरू झालं, २०२३ मध्ये पलीकडे गोव्यात मोपाचं. येण्याच्या वाटा वाढवायला आपण पंचवीस-तीस वर्षं मन लावून काम केलं. आलेल्यांना प्यायला पाणी कुठून, आणि ते वापरून झाल्यावर जाणार कुठे, याचं उत्तर प्रत्येक घराने आपापल्या परसात शोधायचं, असं गृहीत धरलं गेलं.

परसात एका टोकाला विहीर असते आणि दुसऱ्या टोकाला शौचखड्डा. चार खोल्यांच्या आठ झाल्या की खड्डा दुप्पट भरतो, पण परस तेवढंच राहतं.

जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. साधा शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी सोडतो. समुद्रात डुंबून आलेलं, केसांत वाळू भरलेलं माणूस शॉवरखाली दहा मिनिटं तरी उभं राहतंच, मीही राहते. ते उधळेपणाने वागतं असं अजिबात नाही. इथेच मला आपल्याकडच्या सगळ्या पाट्यांशी भांडावंसं वाटतं. 'कचरा करू नका', 'किनारा स्वच्छ ठेवा', 'मद्यपान करू नये'. या पाट्या हव्यातच. फुटलेल्या बाटलीने पाय कापलेली रापणीवरची, म्हणजे काठावरून जाळं ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पुळणीवर गाडी घालून चाकांनी गोल गोल नक्षी काढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही माया नाही. त्या चाकांखाली कुर्ल्यांची बिळं चिरडतात, मर्यादवेल उखडते, आणि मर्यादवेल गेली की वाळूला धरून ठेवणारं काही उरत नाही. पण सगळा दोष बेशिस्तीवर टाकला की एक सोयीची समजूत तयार होते, की माणसं नीट वागली तर कितीही आली तरी चालतील. तसं नाही. जगातला सर्वांत सभ्य पर्यटक आला, कागदाचा कपटाही न टाकता, हळू आवाजात बोलून परत गेला, तरी तो आंघोळ करणार, फ्लश ओढणार, त्याच्या चादरी धुतल्या जाणार. काकींच्या अंगणातले ते गृहस्थ फार भले होते, ताट स्वतः उचलून ठेवत होते. पाणी त्यांच्या वागण्याने मचूळ झालं नव्हतं, तिथे असलेल्या सगळ्यांच्या मिळून संख्येने झालं होतं.

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलं की वाटाडे तीन विहिरी हटकून दाखवतात: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे ही गोडी. १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं, आणि तटबंदीच्या, पायात ओतलेल्या शिशाच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. मला त्या विहिरींपाशी उभं राहिल्यावर वेगळाच विचार येतो. तट कितीही भक्कम असो, आत शिबंदी किती ठेवायची हे शेवटी या तीन बावींनी ठरवलं असणार. किल्लेदाराला रोज तो आकडा डोक्यात ठेवावाच लागत असेल. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदच आहे. आता तिथे माणसं आणखी येतील, आणि तो जुना आकडा नव्याने कुणीतरी डोक्यात ठेवायला हवा.

किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी वरून दिसत नाही. तिथे प्रवाळ आहे. १९८७ पासून हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे, साधारण २९ चौरस किलोमीटरचा. मी पहिल्यांदा तोंडाला मुखवटा लावून पाण्यात चेहरा घातला तेव्हा खाली मला आधी नुसते करडे दगड दिसले. मग डोळे सरावले आणि त्या दगडांना पोत आला, हिरवट-पिवळ्या घड्या दिसल्या, त्यांतून काळे-पिवळे पट्टे असलेले मासे आत-बाहेर करताना दिसले. माझ्याबरोबरचा तरुण गाइड मला हाताने धरून एका जागी तरंगत ठेवत होता. दहा हातांवर दुसऱ्या होडीतलं कुटुंब उतरलं होतं आणि त्यातले आजोबा दमून एका 'दगडा'वर उभे राहिले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की तो जिवंत आहे. गोलसर वाढणारं हे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. आजोबा ज्यावर उभे होते त्याचं वय त्यांच्या आसपासचं असेल. वर पावाचे तुकडे पडत होते, मासे फोटोसाठी गोळा होत होते, आणि होडी जागेवर राहावी म्हणून नांगर टाकलेला होता. परत निघताना त्या तरुणाने नांगर ओढून घेतला. लोखंडाच्या पंज्यात बोटभर लांबीचा पांढरा तुकडा अडकून आला. त्याने तो काढून पाण्यात सोडला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत लागणा नाय तो. पण टाकून ठेवतंय."

त्याच्याबद्दल माझं मत काय असावं, हे मला आजवर नीट ठरवता आलेलं नाही. त्याचे वडील रापणीवर जायचे. लहानपणी मी रापण ओढलेली आहे. म्हणजे दोरीला हात लावलेला आहे, कारण दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळायचा, पाहुण्या पोरांनासुद्धा. ओल्या दोराचा काथ्या तळव्यात रुतायचा, माणसं तालात मागे मागे सरकायची, आणि जाळं काठाला लागलं की बांगड्यांची चंदेरी तडफड वाळूवर पसरायची. मग खोल समुद्रातली मोठी पर्ससीन जाळी आली, एलईडीचे झगझगीत दिवे लावून रात्री मासे ओढणाऱ्या बोटी आल्या, आणि काठापर्यंत यायला मासा उरेना. कायदे झाले, बंदी आली, भांडणंही झाली, अजून होतात. त्या वाईट वर्षांत ज्या घरांनी दोन खोल्या बांधल्या ती घरं तगली. गोव्याला आणि मुंबईला गेलेली मुलं परत आली. पाण्याखाली उतरायचं रीतसर शिक्षण तारकर्लीत घेऊन ती आज गाइड झाली आहेत, त्यांच्या बहिणी खोल्यांचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. त्यामुळे 'पर्यटन बंद करा' असं शहरात बसून म्हणणं मला शोभणार नाही, आणि ते मला पटतही नाही. मला त्या तरुणाची होडी चालायला हवी आहे. प्रवाळ मेलं तर ती चालणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग आडतं कुठे?

आडतं ते संख्या ठरवायच्या वेळी. फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण तिथेही पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा, दाट हॉटेलं, आणि थेट समुद्रात जाणारं सांडपाणी होतं. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने अख्खं बेट सहा महिन्यांसाठी बंद केलं. हजारो माणसं एका फटक्यात बेकार झाली. बेट उघडलं तेव्हा एका वेळी साधारण १९,००० पर्यटक, असा आकडा ठरवून उघडलं. हाच हिशेब दहा वर्षं आधी मांडला असता तर तो फटका बसला नसता. आपल्याकडे समुद्र सोडून डोंगरावर जा, साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करून जायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता लोक निमूट नोंदणी करतात. आणि किनाऱ्यावरच बघायचं तर मंडणगड तालुक्यातलं वेळास आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. राहायचं गावातल्याच घरांत, गावाने ठरवलेल्या नियमांनी. पिल्लं सोडताना दोरी बांधलेली, माणसं दोरीच्या मागे, फ्लॅश बंद. कधी एकही पिल्लू बाहेर येत नाही, आणि रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी हिरमुसतात. मीही एकदा तशीच परतले. तेव्हा गावातल्या एका मुलीने ठणकावून सांगितलं होतं, "ताई, ते आमच्या हातात नाही, त्यांच्या हातात आहे." मला ते उत्तर फार आवडलं. तिथे पाहुण्यांच्या सोयीच्या आधी कासवांची सोय लागते, आणि ते सांगताना गावाला संकोच वाटत नाही.

मालवणात हे अवघड आहे, कारण इथे पैसा मोठा आहे आणि ठरवणारे अनेक आहेत. ग्रामपंचायत, नगरपरिषद, बंदर खातं, वन खातं, पर्यटन महामंडळ, शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम, जे १९९१ मध्ये आले, पुढे दोनदा नव्याने लिहिले गेले आणि गावकऱ्याला दर वेळी नव्याने समजून घ्यावे लागले. अभयारण्याला मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तो प्रवाळाशी वैर म्हणून नव्हे. त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली, याचा तो राग होता. वरून आलेली मर्यादा माणसं चुकवतात. जून-जुलैची मासेमारी बंदी मात्र बहुतेक होड्या पाळतात, कारण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही हे त्यांच्या घरात ठरलेलं होतं. पावसाळ्यात किल्ल्याची होडीसेवाही बंद असते आणि त्यावर कुणी अन्याय झाला म्हणत नाही. थांबायचं कधी हे या किनाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की डिसेंबरातसुद्धा कुठेतरी थांबावं लागेल, हे मान्य करायचं का.

माझं म्हणणं मी तिथल्या ओळखीच्या लोकांपुढे मांडत असते. सगळ्यात आधी विहिरी मोजा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत गावातल्या दहा-बारा विहिरींची पातळी आणि खारेपणा दर आठवड्याला वहीत लिहा. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात, खारेपणा मोजायचं साधं यंत्र हातात मावतं. ती वही ग्रामसभेत ठेवा आणि मग नव्या खोल्यांना परवानगी द्या किंवा देऊ नका. काही जण मान डोलावतात. काही म्हणतात, आम्ही खोल्या थांबवल्या तर शेजारचा गाव बांधेल. या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून एकट्या गावाने करून भागणार नाही. तारकर्ली, वायरी, देवबाग यांनी एकत्र बसायला हवं.

प्रवाळाच्या बाबतीत मात्र त्या गाइड तरुणाकडे माझ्यापेक्षा नेमका उपाय आहे. नांगर टाकायचाच नाही. प्रवाळाच्या बाजूला, वाळूच्या तळावर कायमचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे बांधायचे आणि होडी त्या बोयाला लावायची. जगात अनेक ठिकाणी असं करतात, त्यात नवीन काही नाही. "धा बोये घातले तर एका टायमाक धाच होडये," तो म्हणाला, "अकरावी होडी रवतली." म्हणजे थांबेल. मी विचारलं, अकरावी कोणाची हे कोण ठरवणार? त्याला त्याची अडचण वाटली नाही. किल्ल्याच्या होड्या जेटीवरून नंबराने सुटतात, तसाच इथेही नंबर लावायचा, म्हणाला. अडचण त्याच्या मते दुसरीच होती. नंबर यायला दीड तास लागला की पाहुणे चिडतात, कारण त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची असते, आणि चिडलेला पाहुणा पैसे परत मागतो किंवा नंबर न पाळणाऱ्याच्या होडीत जाऊन बसतो. म्हणून बोयांची वेळ घरून निघण्याआधीच फोनवर मिळाली पाहिजे, आणि रविवारची वेळ भरली असेल तर मंगळवारची घ्या असं तिथेच सांगितलं पाहिजे. मंगळवारी त्याची होडी बहुतेक वेळा रिकामीच उभी असते.